फुली दिसेनाशी होईपर्यंत

रवींद्र अहिरे या माणसाला आपण जवळजवळ ओळखतच नव्हतो, हे मधुकर केळुसकरांना कळलं ते अहिरे गेल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, हातात माइक आल्यावर. टिटवाळ्याला नव्या इमारतींच्या मधल्या जागेत मांडव घातला होता. बुद्धवंदना झाली, नात्यातले दोघेतिघे बोलले. शौनक नावाचा एक माजी विद्यार्थी खास पुण्याहून आला होता. त्याने तर भाषणच ठोकलं. म्हणाला, "सरांनी आम्हाला एकच गोष्ट शिकवली. दिसेल तेच लिहा." टाळ्या वाजवायची जागा नव्हती म्हणून कुणी वाजवल्या नाहीत, एवढंच. मग सूत्रसंचालकाने सांगितलं, "आता सरांचे सगळ्यात जवळचे मित्र, भौतिकशास्त्राचे केळुसकर सर दोन शब्द बोलतील."

सगळ्यात जवळचे. केळुसकर उठले आणि आठवू लागले. अहिरेंचं मूळ गाव कुठलं? नाशिककडचं काहीतरी. भाऊ-बहीण किती? कधी विचारलं नव्हतं. अहिरेंची बायको समोर पांढऱ्या साडीत बसली होती. तिचं नाव नंदा, हेसुद्धा केळुसकरांना मांडवाच्या तोंडाशी लावलेल्या फलकावरून कळलं होतं. डोंबिवलीच्या एका ज्युनिअर कॉलेजात दोघांच्या प्रयोगशाळा भिंतीला भिंत लागून होत्या. मधल्या दाराला कधी कडी लागली नाही. पण ते शेवटपर्यंत 'अहो अहिरे' आणि हे 'अहो केळुसकर'.

"अहिरे सर फार प्रामाणिक होते," एवढं म्हणून केळुसकर खाली बसले. बसल्यावर त्यांना वाटलं, हे म्हणजे मिठाला खारट म्हटल्यासारखं झालं. सांगण्यासारखी गोष्ट एकच होती, आणि ती मांडवात सांगता येण्यासारखी नव्हती.

अहिरे रसायनशास्त्र शिकवत. अभिक्रियेचा वेग काढायचं प्रॅक्टिकल आलं, की इतर कॉलेजांत शिक्षक कृती फळ्यावर लिहून मोकळे होतात. अहिरे टेबलावर बाटल्या मांडत आणि विचारत, "वेग मोजायचाय. कसा मोजाल?" मग हाताची घडी घालून उभे राहत. मधल्या दारातून केळुसकरांना सगळं ऐकू येई.

"सर, फॉर्म्युला आहे ना."

"आहे की. त्यात घालायला आकडा कुठून आणणार? मामाच्या गावाहून?"

मुलं हसत. अहिरे हसत नसत. "आधी बघा, काय बदलतंय. जे बदलतंय आणि जे आपल्याला पकडता येतंय, तेच मोजायचं."

संगमरवराच्या तुकड्यांवर ॲसिड ओतलं की फसफसून वायू निघतो. तो पाण्यात उलट्या धरलेल्या मोजपात्रात गोळा करा. नाहीतर सगळा फ्लास्कच तराजूवर ठेवा आणि वजन किती उतरतं ते बघा.

"आपला तराजू कसाय?"

"डुलतो, सर."

"मग वजन नको. वायूच धरा."

रंग उडत असेल, तर रंग बघा. आणि वायू नाही, रंग नाही, डोळ्यांना काहीच दिसत नाही, असं असेल तर मधून मधून थोडं द्रावण काढून बर्फात टाका, अभिक्रिया तिथेच गोठवा, आणि टायट्रेशन करून किती उरलंय ते काढा. एकदा एका मुलाने कंटाळून विचारलं, "सर, यात बेस्ट कुठली ते सांगा ना."

"बेस्ट मुंबईत धावते. इथे केडीएमटीची बस. समोर जी येईल तिच्यात बसायला शिका."

त्यांचा सगळ्यात लाडका प्रयोग हायपोचा, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचा. कागदावर पेनाने एक फुली काढायची, तिच्यावर फ्लास्क ठेवायचा. फ्लास्कमध्ये हायपोचं द्रावण, दिसायला साधं पाणी. त्यात ॲसिड घातलं की स्टॉपवॉच सुरू. आत गंधक सुटू लागतं, विझलेल्या काडीसारखा वास येतो, पाणी पांढुरकं होत ताकासारखं दाट दिसू लागतं, आणि वरून बघता बघता खालची फुली दिसेनाशी होते. ती गेली की घड्याळ बंद. जितकी लवकर गेली, तितका वेग जास्त.

"ना तराजू, ना यंत्र," अहिरे म्हणत. "कागद, पेन आणि डोळा. गरिबाची मेथड आहे ही. हिच्यात लबाडीला जागाच नाही."

मुलं प्रयोग करू लागली की अहिरे टेबलाटेबलावर फिरत. मुलाच्या खांद्यावरून फुलीकडे बघत उभे राहत. हातात स्वतःचं स्टॉपवॉच, त्यावर अंगठा. फुली गेली की अंगठा दाबत. मुलाचा आकडा आणि त्यांचा आकडा जुळला की मान डोलवत. नाही जुळला, तर पुन्हा करायला लावत. वर्षानुवर्षं ही पद्धत चालत आली होती, आणि बाहेरून येणारे परीक्षक म्हणत, आकडे बघावेत तर तुमच्या कॉलेजचे.

पुढे दिवस पालटले. कॉलेजने एका कोचिंग क्लासशी सूत जमवलं. मुलं सकाळी क्लासला आणि कॉलेजात हजेरीपुरती येऊ लागली. केमिस्ट्रीची अर्धी प्रयोगशाळा तोडून तिथे वातानुकूलित वर्ग काढायचं मॅनेजमेंटच्या मनात होतं. उपप्राचार्या नीरजा देव वाईट नव्हत्या. वरचं खाली पोचवणं हे त्यांचं काम, ते त्या करत.

"अहिरे सर, सगळीकडे छापील कृती देतात. तुम्ही 'काय मोजाल, काय मोजाल' करत बसता. त्यातच तास जातो."

"मॅडम, तेच प्रॅक्टिकल आहे. बाकीची नुसती ओताओती."

"पालक मला विचारतात, याला मार्क किती."

"त्यांना सांगा, मार्क खऱ्या आकड्याला आहेत."

नीरजाबाईंनी पुढे ताणलं नाही. त्या आकड्यांच्या नावावरच अहिरेंची प्रयोगशाळा उभी होती, आणि हे दोघांनाही ठाऊक होतं.

त्या वर्षी बारावीत प्रियांका साळवे नावाची मुलगी होती. डोंबिवली पूर्वेला चाळीत राहणारी. तिचे वडील शिवराम साळवे अहिरेंना विहारात भेटत, एवढी ओळख. पण अहिरे तिच्याशी इतरांपेक्षा कडक वागत. केळुसकरांनी एकदा सहज विचारलं, तर म्हणाले, "आपल्या माणसाला झुकतं माप दिलं, असं म्हणायला एकालाही जागा मिळता कामा नये. तुम्हाला नाही कळायचं, केळुसकर." केळुसकरांना कळलं नव्हतं असं नाही.

परीक्षेच्या दिवशी प्रियांकाला हायपोचाच प्रयोग आला. अहिरे तिच्यामागे येऊन उभे राहिले. थोड्या वेळाने त्यांचा अंगठा दबला. प्रियांका अजून वाकूनच होती.

"थांबव आता."

"सर, दिसतेय अजून."

"काय दिसतेय?"

"फुली. पुसट झालीय, पण आहे."

"फुली गेली. तू आठवणीतली बघतेयस."

मुलगी फुलीकडे बघतच राहिली. तिला हवं तेव्हाच तिने घड्याळ थांबवलं. अहिरेंनी पुन्हा करायला लावलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. एव्हाना बाकीची मुलं बेसिनवर फ्लास्क धूत होती. प्रियांकाने आपल्याला दिसले तेच आकडे लिहिले, आणि अहिरेंनी त्या प्रयोगाचे सगळे गुण कापले. चहाच्या वेळी म्हणाले, "हट्टी आहे. मी हट्टाला प्रामाणिकपणा म्हणत नाही."

त्याच आठवड्यात फिजिक्सची परीक्षा होती. ती संपल्यावर मुलं आवराआवर करत होती आणि शौनक, हाच तो पुण्याहून आलेला, अहिरेंची नक्कल करत होता. एक डोळा बारीक, अंगठा वर.

केळुसकरांनी विचारलं, "हे काय चाललंय?"

"काय नाय सर, मस्ती." मग त्याला राहवलं नाही. "सर, हायपोला फुली कोण बघतंच नाय. सगळे सरांचा अंगठा बघतात. तो दबला की आपण पण दाबायचं. टेन्शनच नाय. ती साळवे एक येडी, फुली बघत बसलेली."

"अरे, पण का?"

"सरांची फुली लवकर जाते ना. दोन वर्षं झाली. सीनियर्सनी सांगूनच ठेवलेलं."

ही गोष्ट अहिरेंना तोंडाने सांगणं केळुसकरांना या जन्मी जमणारं नव्हतं. म्हणून त्यांनी आपल्या विषयातली वाट धरली. परीक्षा आटोपल्यावर प्रयोगशाळा रिकामी होती, तेव्हा ते एक टेबल-लॅम्प, प्रकाश मोजणारा एक छोटा सेल आणि काट्याचा मीटर घेऊन मधल्या दारातून आत गेले.

"अहो अहिरे, एक गंमत करू या. फ्लास्कवर दिवा लावू. खाली तुमच्या फुलीशेजारी हा सेल ठेवू. पाणी गढूळ होत जाईल तसा खाली प्रकाश कमी पोचेल आणि काटा उतरेल. पुढच्या वर्षी मुलांना दोन्ही पद्धती दाखवता येतील."

"डोळा असताना काटा कशाला?"

"सहज आपलं."

"चला. लावू तुमच्या काट्याची माझ्या डोळ्याशी शर्यत." अहिरे खुशीत होते. त्यांनी फुली काढली, फ्लास्क ठेवला, ॲसिड घातलं आणि वाकले. काटा उतरू लागला. निम्म्यावरही आला नव्हता, तेवढ्यात अंगठा दबला.

"गेली."

काटा आपला उतरतच होता. केळुसकरांनी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. फुली होती. धुक्यात उभ्या माणसासारखी, पण होती.

अहिरे मीटरकडे बघून म्हणाले, "सेल बिघडलाय तुमचा."

"असेल. बदलून बघू."

सेल बदलला. पुन्हा फ्लास्क भरला. पुन्हा अंगठा आधी आणि काटा मागाहून. अहिरेंनी फ्लास्क धुतला, फडक्याने कोरडा केला, तिसऱ्यांदा भरला. या वेळी त्यांनी स्टॉपवॉच हातात घेतलं नाही.

"केळुसकर, तुम्ही बघा. दिसतेय?"

"दिसतेय."

अहिरे खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. "अजून?"

"अजून दिसतेय."

बाहेर कुणीतरी बाक ओढत नेत होतं. तो आवाज पार जिन्यापर्यंत गेला.

"आता?"

"आता गेली."

अहिरे स्टुलावर बसले. म्हणाले ते एवढंच, "साळव्यांची मुलगी."

ठाण्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेली ती नजर परत येत नाही, आहे ती टिकवायला रोज थेंब घाला, म्हणाले. अहिरेंनी हे केळुसकरांना व्हरांड्यात उभ्या उभ्या सांगितलं, शेजाऱ्याचं दुखणं सांगावं तसं. मग म्हणाले, "चला माझ्याबरोबर नीरजा मॅडमकडे. साक्षीदार लागेल."

नीरजाबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"मार्क पाठवून झाले, सर."

"मग कळवा, की चूक झाली. चूक माझी आहे. मी लिहून देतो."

"बसा तरी." त्यांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. "तिचे वाढवायचे, म्हणजे तिचे आकडे खरे, बरोबर?"

"खरे."

"आणि बाकी सगळ्यांचे तुमच्याशी जुळलेले. त्यांचं काय?"

अहिरे थांबले. तोपर्यंत त्यांनी हा विचार केलाच नव्हता, हे केळुसकरांना त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. आपले डोळे अधू झाले, एवढंच त्यांना कळलं होतं. पण धडधाकट डोळ्यांच्या इतक्या मुलांना तीच फुली त्याच क्षणी कशी काय दिसेनाशी झाली, हे कोडं त्यांना पडलंच नव्हतं. ते केळुसकरांकडे वळले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"शौनक बोलला," केळुसकर म्हणाले. "ती मुलं तुमचा अंगठा बघत."

नीरजाबाई हळूच म्हणाल्या, "एकीला न्याय द्यायचा, तर सगळी बॅच खोटी ठरते. कदाचित आधीचीही. हे मी कुणाला आणि कसं कळवू, तुम्हीच सांगा."

अहिरे पुन्हा पुन्हा त्यांच्याकडे गेले. कधी मॅडम मीटिंगमध्ये असत, कधी खरोखरच नसत. गुण काही बदलले नाहीत. बदललं ते एवढंच, की अहिरेंच्या डोळ्यांची गोष्ट वरपर्यंत पोचली आणि 'सरांच्या प्रकृतीचा विचार करून' प्रॅक्टिकल त्यांच्याकडून काढून घेतलं. जूनमध्ये छापील कार्डं आली. त्यांवर कृती होती, आणि साधारण किती आकडा यावा तेही होतं. दिवाळीच्या सुट्टीत प्रयोगशाळेच्या मधोमध भिंत उभी राहिली.

त्याआधी, निकाल लागल्यावर, ते दोघं साळव्यांकडे गेले होते. तेही अहिरेंनीच काढलं. "तुम्ही चला," एवढंच म्हणाले. चाळीचा जिना अरुंद होता आणि केळुसकर मुद्दाम एक पायरी मागे राहून चढले. शिवराम साळव्यांनी खुर्च्या पुसून दिल्या. प्रियांका पाणी घेऊन आली. तिला मुंबईच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र घ्यायचं होतं, ते थोडक्यात हुकलं होतं. कल्याणला बी.कॉम.ला नाव घातलं होतं.

"तुझे आकडे बरोबर होते," अहिरे म्हणाले. "माझी नजर गेलीय. तेव्हा मला माहीत नव्हतं."

"हां सर."

"तुला दिसत होती ती फुली खरी होती."

"मी पण डोळे तपासून आलेले, सर," प्रियांका म्हणाली. "परीक्षेनंतर. मला वाटलं, माझ्यातच काहीतरी आहे. सगळ्यांची जाते, माझीच जात नाही. डॉक्टर बोलले, एकदम क्लिअर आहेत."

"मग मला येऊन सांगायचं नाहीस का?"

"सांगितलं ना सर. तेव्हाच. तीनदा."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं केळुसकरांना वाटलं.

"अजून बदलता येईल," अहिरे म्हणाले. "बी.एस्सी.ला कुठे जागा असेल तर मी बोलतो. एक-दोन ठिकाणी माझे विद्यार्थी आहेत."

"नको सर. आता नकोच वाटतं ते."

"पण तुला येत होतं. वर्गात एकटीला येत होतं."

प्रियांकाने वडिलांकडे पाहिलं. शिवराम पुढे सरले आणि कपबशी अहिरेंच्या हाताजवळ ठेवत म्हणाले, "सर, चहा घ्या. निवतोय."

उतरताना जिन्याच्या वळणावर अहिरेंचा पाय चुकला. केळुसकरांनी त्यांचं कोपर धरलं. अहिरेंनी ते सोडवून घेतलं आणि कठड्याला धरून खाली गेले. रिक्षात ते एवढंच म्हणाले, "लबाडीला जागा नाही म्हणत होतो मी." मग ठाकुर्लीचं वळण आलं, केळुसकर तिथे उतरायचे, ते उतरले.

निवृत्तीनंतर अहिरे टिटवाळ्याला राहायला गेले. केळुसकर मनात फार वेळा गेले, प्रत्यक्षात एकदाच. अहिरे दारात उभे होते, पण केळुसकर अगदी समोर येईपर्यंत त्यांना कळलं नाही. बायको बाजारात गेली होती. टीव्हीच्या शेजारी थेंबांच्या बाटल्या ओळीने ठेवल्या होत्या.

"लॅबचं काय?" अहिरेंनी विचारलं.

"अर्धी आहे. पलीकडचा वर्ग चालतो."

"एसी चांगलाय?"

"गार असतो."

"हायपो करतात का?"

"कार्डावर आहे. आकडाही आहे. मुलं तोच लिहितात."

अहिरे हसले. "म्हणजे माझ्या अंगठ्याचं काम कार्ड करतं. निदान कार्डाला डोळे आहेत असं कुणी समजत नाही."

केळुसकरांनी पावसाची चौकशी केली, टँकरच्या पाण्याची केली. प्रियांकाचं नाव दोघांनीही काढलं नाही. अहिरेंनी स्वतः चहा केला, दूध थोडं ओट्यावर सांडलं, आणि ते त्यांना दिसलं की नाही, हे केळुसकरांना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. पुसावं की न पुसावं, या विचारात चहा संपला.

मांडवातून परतताना केळुसकरांच्या मनात हीच भेट होती, कारण ती शेवटची ठरली. त्या भेटीनंतर काही महिन्यांनी अहिरे दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. प्रियांका पुण्यानुमोदनाला आली नव्हती. शिवराम साळवे आले होते, मागच्या ओळीत बसून गेले.

त्या शेवटच्या भेटीच्या दिवशी लिफ्ट बंद होती. अहिरे सोडायला जिन्यापर्यंत आले आणि कठड्यावर हात ठेवून वरच उभे राहिले. केळुसकर एक मजला उतरले, तेव्हा वरून आवाज आला.

"केळुसकर, खालची शेवटची पायरी उंच आहे हां. सगळे तिथे अडखळतात."

"हो हो."

"दिसली का?"

"दिसली."

"बरं मग. घरी पोचलात की फोन करा."

"करतो," केळुसकर म्हणाले.